इवल्या ताटावरची तूप-तर्री : खर्च किती आणि वाचवायचा कुठं

महालक्ष्म्यांच्या आराशीत बाळांपुढं भातुकली मांडणारी घरं वऱ्हाडात अजून आहेत. पितळेची चूल, परात, कळशी, वाट्या सगळं हौसेनं घासूनपुसून ठेवलं जातं, आणि वाट्यांत मात्र चुरमुरे नाही तर साखरेचे चार दाणे. क्लेचे इवले पदार्थ मोबाइलवर पाहिले की वाटतं, यंदा त्या वाट्यांत सोळा भाज्यांची भाजी, कढी, आंबील, पुरणपोळी असं सगळं करून ठेवू. ते अवघड नाही. पोळी लाटणाऱ्या हाताला आकार जमतो, रंगही जमतो. अडतं ते त्याच्या पुढं. पोळीवर तूप दिसत नाही, भाजीवर तर्री दिसत नाही, गुलाबजाम पाकातला वाटत नाही. मग एकेक बाटली घरात यायला लागते : नेलपेंट, फर्निचरचं वॉर्निश, स्प्रे, रेझिनचा मोठा किट. हजार-दीड हजार रुपये जातात आणि पदार्थ तरी प्लॅस्टिकचेच दिसतात.

शेंदूरजनाघाटला राहून हे काम करायचं तर नेमकं काय घ्यावं, किती घ्यावं आणि काय मुळीच घेऊ नये, एवढ्यापुरताच हा लेख आहे. खाली दिलेल्या किमती बाजारातल्या साधारण किमती आहेत. ब्रँड आणि दुकान पाहून त्या थोड्या इकडंतिकडं होतील. माझं म्हणणं एकच : चकाकी पदार्थ पाहून विकत घ्या, आणि लागेल तेवढीच घ्या. या कामात पैसे थेंबात जात नाहीत, बाटलीत वाळून जातात.

आधी वाटी मोजा

बाहुलीघरांचं जगभर चालणारं माप १:१२ आहे, म्हणजे खऱ्या फुटाला इथं एक इंच. नवी दिल्ली उभारणारे एडविन ल्युटेन्स यांनी इंग्लंडच्या राणी मेरीसाठी जे बाहुलीघर रचलं आणि १९२४ साली पुरं केलं, तेही याच मापाचं. ते आज विंडसरच्या किल्ल्यात आहे. या मापात आपली वीस सेंटिमीटरची पुरणपोळी पावणेदोन सेंटिमीटरची होते आणि आठ सेंटिमीटरची वाटी जेमतेम साडेसहा मिलिमीटरची. अशा वाटीत रस्सा म्हणून ओतायला रेझिन लागतं ०.१ मिलि. पंचवीस मिलिच्या बाटलीत अशा अडीचशे वाट्या भरतात. बाटली ३०० रुपयांची धरली तर एका वाटीला सव्वा रुपयाही पडत नाही.

आपली पितळी भातुकली मात्र या मापाची नसते, आणि इथंच हिशेब चुकतो. भातुकलीतली वाटी बहुधा दोन-अडीच सेंटिमीटर रुंद असते. तिची खोली सहा मिलिमीटर धरली तर ती तीन मिलि रेझिन पिते. आठ वाट्यांत अख्खी बाटली संपते. म्हणून कुठलीही खरेदी करण्याआधी औषधाच्या दुकानातून दोन मिलिची सिरिंज आणा. ती पाच-दहा रुपयांना मिळते. तिच्यानं वाटीत पाणी भरा आणि किती मावतं ते लिहून ठेवा. मग वाटीचा तळ क्लेनं भरून घ्या आणि वर फक्त एक मिलिमीटरची जागा सोडा. त्याच वाटीला आता अर्धा मिलि पुरतो आणि आठ वाट्या चार मिलित होतात. यात पैसे वाचतातच, शिवाय पातळ थर आतपर्यंत नीट वाळतो. जाड थर वरून कडक आणि खाली चिकट राहतो.

अंगाला कोणता क्ले

चकाकीचा खर्च खालच्या क्लेवर ठरतो, म्हणून त्याबद्दल थोडक्यात.

सगळ्यांत स्वस्त घरचा. फेविकॉल आणि कॉर्नफ्लॉवर समसमान, त्यात चमचाभर बेबी ऑइल आणि थोडं लिंबू किंवा व्हिनेगर. हे मंद आचेवर हलवत राहायचं. उकडीसारखा गोळा सुटला की उतरवायचं आणि कोमट असताना मळायचं. भांडं यापुढं स्वयंपाकाला वापरू नका. २०० ग्रॅम फेविकॉल आणि कॉर्नफ्लॉवरचा पुडा मिळून सव्वाशे रुपयांच्या आत जे होतं, त्यात एका घराची आरास आरामात निघते. वाळताना हा क्ले आक्रसतो, म्हणून पदार्थ किंचित मोठा करा. वाळल्यावर तो जरा पारदर्शक, पिवळसर होतो. भात किंवा दही करायचं असेल तर मळतानाच पांढरा रंग घाला.

पॉलिमर क्ले हा पीव्हीसीचा, ओव्हनमध्ये भाजायचा क्ले. पन्नास ग्रॅमची वडी दोनशे-साडेतीनशे रुपयांना पडते आणि रंग पाच-सहा तरी लागतात. फिमो या ब्रँडचा क्ले ११० अंशांवर अर्धा तास भाजतात. दुसऱ्या कंपन्यांचं तापमान वेगळं असतं, ते पाकिटावर वाचूनच भाजा. ओव्हनचं बटण दाखवतं तेच तापमान आत असेलच असं नाही, त्यासाठी तीनशे-चारशेचा वेगळा थर्मामीटर लागतो. क्ले करपला तर त्यातून हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ निघते. लगेच ओव्हन बंद करून खिडक्या उघडा. एका सणासाठी अडीच-तीन हजारांचा ओव्हन घेणं मला पटत नाही.

बाटल्यांचा हिशेब

पारदर्शक नेलपेंट चाळीस ते शंभर रुपयांत कुठल्याही जनरल स्टोअरमध्ये मिळतं, म्हणून पहिला हात तिकडंच जातो. घरच्या वाळलेल्या क्लेवर ते कामचलाऊ चालतं. पॉलिमर क्लेवर मात्र चुकूनही लावू नका. नेलपेंटमधलं विद्रावक क्लेला मऊ करतं. पहिल्या दिवशी छान दिसतं आणि काही आठवड्यांत बोट चिकटायला लागतं, त्यावर धूळ बसते. फर्निचरच्या वॉर्निशचंही तेच, आणि ते वर पिवळंही पडतं. स्प्रेच्या डब्यात आणखी एक खोट आहे : तो नेम धरत नाही. भाकरी, भात, लोणचं, वाटीचा काठ सगळं एकसारखं चमकतं, आणि सगळं सारखं चमकलं की डोळ्याला खोटं लगेच कळतं.

पाण्यावर चालणारं ॲक्रिलिक ग्लॉस वॉर्निश ही कामाची बाटली. साठ ते शंभर मिलि दीडशे-अडीचशे रुपयांत येते. ती दोन्ही क्लेवर चालते, वास नाही, ब्रश पाण्यात धुता येतो. दोन पातळ हात द्या, मधे पहिला पूर्ण वाळू द्या. त्यात चिमूटभर टाल्कम पावडर मिसळली की चमक खाली येते आणि कढी, दही, आंबील यांना लागते तशी मऊ तुकतुकी मिळते. म्हणजे मॅटची वेगळी बाटली घ्यायची गरज नाही.

यूव्ही रेझिन हे पाक, रस्सा, तर्री, पाणी यांसाठी. पंचवीस मिलि अडीचशे-चारशे रुपये. त्यासाठी अतिनील दिवा लागतो. लहान यूएसबीवरचा दिवा दोनशे-चारशेत मिळतो आणि पॉवर बँकेवरही चालतो, त्यामुळं वीज गेली तरी काम थांबत नाही. जेल नेलपेंट करणाऱ्या ब्यूटी पार्लरमध्ये हाच दिवा असतो. ओळख असेल तर एक दुपार मागून घ्या, तेवढे पैसे वाचले. थर दीड-दोन मिलिमीटरच्या वर नको. वाळल्यावर वरून किंचित चिकट लागलं तर सर्जिकल स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा.

दोन बाटल्यांचं इपॉक्सी रेझिन चारशे-पाचशेत मोठं मिळतं म्हणून स्वस्त वाटतं. या कामाला ते महागच पडतं. दोन्ही भाग पाकिटावरच्या प्रमाणात अचूक घ्यावे लागतात, आणि तीन-चार ग्रॅममध्ये ते प्रमाण घरच्या काट्यावर साधत नाही. चुकलं की कायम चिकट. बरोबर आलं तरी चोवीस तास थांबा, आणि उरलेलं कपाटात पिवळं पडत राहतं.

तर्री आणि संत्रं

चकाकी लावण्याआधी खऱ्या पदार्थाकडं नीट पाहणं, यात पैसे लागत नाहीत आणि निम्मं काम यातच होतं. जपानमध्ये हॉटेलांच्या काचेत दिसणारे नकली पदार्थ करणारे कारागीर खऱ्या ताटावरूनच साचा घेतात. हा धंदा १९३२ साली ओसाकात उभा करणारे इवासाकी ताकिझो मेणात काम करत. पुढं मेणाची जागा व्हिनाइलनं घेतली, पण खरं ताट समोर ठेवण्याची रीत तीच राहिली.

आपल्या भाजीचं पातेलं पाहा. तर्री मधोमध नसते. ती काठाला जमते, फोडीच्या कडेला चिकटते, आणि मधला रस्सा मातकट, जवळजवळ बिनचमकीचा असतो. म्हणून सगळी वाटी एका लाल रेझिननं भरली तर ती सरबतासारखी दिसते. दोन वेळा भरायची. आधी थोड्या रेझिनमध्ये तपकिरी आणि पिवळा तैलरंग टूथपिकच्या टोकानं मिसळा, भाजीच्या फोडी त्यात अर्ध्या बुडतील इतकं ओता आणि दिव्याखाली वाळवा. मग स्वच्छ रेझिनमध्ये क्रिमसन आणि नारिंगी मोहरीएवढा घ्या आणि सुईनं फक्त काठाला, फोडींच्या भोवती ओढा. मधे दोन-चार सुटे थेंब सोडा, ते एकमेकांत मिसळू देऊ नका. हा दुसरा थर जितका पातळ तितकी तर्री खरी. तैलरंगाची लहान ट्यूब तीस-साठ रुपयांना मिळते आणि वर्षानुवर्षं पुरते. पोस्टर कलर किंवा वॉटर कलर रेझिनमध्ये घालू नका, पाण्यानं रेझिन नासतं. रंग जास्त झाला तरी उजेड आतपर्यंत पोचत नाही आणि तळ कच्चा राहतो.

पुरणपोळीचं उलट. पोळी कोरडीच हवी. तव्यावरचे डाग सॉफ्ट पेस्टलच्या खडूची पूड करून कोरड्या ब्रशनं द्या. बारा खडूंची पेटी शंभर-दीडशेत येते आणि तपकिरी, पिवळा, विटकरी एवढेच लागतात. तूप फक्त मधे, एक छोटं तळं, त्यात रंग नावापुरता पिवळा. कडेला चमक गेली की पोळी तळल्यासारखी दिसते. गुलाबजाम आणि जिलेबीला मात्र सढळ हात चालतो. तिथं पाक खाली साठलेला दिसायला हवा.

भाकरीला, भाताला, झुणक्याला काहीही लावू नका. ठेच्यावर तेलाचा एक ठिपका पुरे.

आणि संत्रं. शेंदूरजनाघाटच्या आराशीत ते चुकलेलं चालणार नाही, कारण पाहायला येणारी प्रत्येक बाई बागेतलं संत्रं ओळखते. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण आपल्या डोळ्यांना त्याची खूण त्याआधीपासून पाठ आहे : सुटी साल आणि देठाकडं किंचित फुगीर मान. १:१२ मापात सात सेंटिमीटरचं फळ सहा मिलिमीटरचं होतं. गोळा करून देठाकडं थोडा वर ओढा, मग जुन्या टूथब्रशचे केस सगळीकडं हलके टेकवा. सालीवरचे बारीक खळगे असेच येतात. सालीची चमक तिच्यातल्या तेलाच्या ग्रंथींची असते. ती ओली नसते, त्यामुळं टाल्कम घातलेलं वॉर्निशच लावा. रेझिन लावलं की ते संत्रं राहत नाही, प्लॅस्टिकचा चेंडू होतं. सोललेल्या फोडींना पातळ फेविकॉलचा एक हात पुरतो. वाळल्यावर तो पारदर्शक होतो आणि फोडीवरचा पापुद्रा दिसतो तसाच दिसतो. चिरलेल्या चकतीवर रेझिनचा थेंब गरावरच सोडा, सालीच्या पांढऱ्या कडेला लागू देऊ नका. ती कडा कोरडी राहिली तरच मधला गर रसाळ दिसतो.

भादव्यातली दमट हवा

महालक्ष्म्या भाद्रपदात येतात आणि सगळी घाई श्रावणाच्या शेवटी सुरू होते. हवा दमट असते. घरचा क्ले उन्हाळ्यात वाळतो त्याच्या दुप्पट वेळ तरी घेतो. वरून कडक लागला म्हणून वॉर्निश मारलं तर आतलं पाणी अडकतं, वॉर्निश दुधाळ होतं आणि पुढं तडा जातो किंवा बुरशी धरते. म्हणून पदार्थ निदान पंधरा दिवस आधी करून जाळीवर पंख्याखाली ठेवा. वॉर्निश उघडीप असलेल्या दुपारी लावा. रेझिनला दमटपणाचा फारसा त्रास नाही, पण ढगाळ उन्हावर भरवसा ठेवू नका, दिवाच वापरा. काम खिडकीपासून दूर करा, नाही तर बाटलीच्या तोंडाशीच रेझिन घट्ट होईल.

कच्चं यूव्ही रेझिन कातडीला लागू देऊ नका. एकदा त्याची ॲलर्जी बसली की पुन्हा पुन्हा उठते. नायट्राइलचे हातमोजे घाला, खोलीत वारा खेळता ठेवा. उरलेलं ओलं रेझिन मोरीत ओतू नका. कागदावर पसरून दिव्याखाली वाळवा आणि मगच टाका.

कुठून घ्यावं

फेविकॉल, कॉर्नफ्लॉवर, सिरिंज, स्पिरिट, खडू, टूथपिक हे गावात किंवा वरूडला मिळतं. वॉर्निश आणि तैलरंग वरूडच्या मोठ्या स्टेशनरीत विचारा. तिथं नसलं तर अमरावती किंवा नागपूर. दोन्हीकडं शंभरेक किलोमीटर पडतात. महिलांना १७ मार्च २०२३ पासून एसटीत निम्मं भाडं आहे. तरी दोनशे रुपयांच्या बाटलीसाठी वेगळी फेरी करू नका, दुसरं काम असेल त्या दिवशी आणा.

यूव्ही रेझिन बहुतेकांना ऑनलाइनच घ्यावं लागेल. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत ते मागवू नका. तापलेल्या गाडीत आणि गोदामात पडून राहिलेली बाटली आधीच दाट झालेली निघते. जुलैत मागवा. विक्रेत्यानं एमआरपी आणि कोणत्या देशात बनलं हे दाखवणं बंधनकारक आहे. ते नसेल तिथं घेऊ नका. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, उत्पादनाची तारीख पाहा. माल खराब निघाला तर ॲपवरच्या तक्रार अधिकाऱ्याकडं लेखी तक्रार करा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणं त्याला ४८ तासांत पोच द्यावी लागते आणि महिनाभरात निकाल. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

तयार पदार्थांचाही पर्याय आहे. ऑनलाइन दीडशे-तीनशे रुपयांत दहा-वीस नग येतात, पण ते बर्गर, डोनट आणि कपकेकचे असतात. महालक्ष्म्यांपुढं त्यांचं काय काम? ऑर्डरवर मराठी ताट करून देणारे कलाकार एका ताटाचे साधारण पाचशे ते दीड-दोन हजार घेतात. ज्यांना वेळ नाही त्यांनी जरूर घ्यावं. त्या बारीक कामाला ती किंमत जास्त नाही.

एकूण किती

घरचा क्ले, खडू, ॲक्रिलिक वॉर्निश, सिरिंज आणि किरकोळ सामान मिळून साडेचारशे-पाचशे रुपये. यात पोळी, भात, कढी, आंबील, संत्रं, फुलोऱ्याच्या करंज्या सगळं होतं. तर्री आणि पाक हवाच असेल तर रेझिन, दिवा, तैलरंग आणि हातमोजे धरून आणखी सहाशे-नऊशे. ओव्हन, थर्मामीटर आणि पॉलिमर क्लेच्या वाटेला गेलात तर साडेचार-पाच हजार. तो खर्च वर्षभर काम करणाऱ्यानं किंवा विकणाऱ्यानंच करावा.

विकायचं ठरवलं तर एक नियम लक्षात ठेवा. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांची खेळणी आयएसआय चिन्हाशिवाय विकता येत नाहीत. हस्तकला विकास आयुक्तांकडं नोंदणी केलेल्या कारागिरांना त्यात सूट आहे, तेव्हा आधी ती नोंदणी करून घ्या. तीन वर्षांखालच्या लेकराच्या हाती हे पदार्थ देऊच नका, ते थेट तोंडात जातात. आणि आराशीतली ही ताटं खऱ्या नैवेद्याच्या ताटापासून लांब मांडा, रेझिन अन्नाला लागायला नको.

शेवटी एक विनंती. गल्लीतल्या चार-पाच घरांनी मिळून एकच वॉर्निश, एकच रेझिन आणि एकच दिवा घ्या. वाटून घेतलेला खर्च घरटी बराच कमी येतो, बाटली वाळण्याआधी संपते, आणि पुढच्या वर्षी ताजी घेता येते.